मंडळास प्राप्त झालेली वार्ता

रविवारी सकाळी स्नान-पूजा आटोपून लीलाधर सरोदे पिंप्राळ्यातील आपल्या घराच्या दिवाणखान्यात येऊन बसतात न बसतात, तोच त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न ठरल्याची बातमी येऊन थडकली. बातमीची भाषा निर्दोष होती. ती तशी असणारच. तिचा शब्द न् शब्द त्यांनीच लिहिलेला होता.

"सप्रेम नमस्कार. आपली कन्या चि. सौ. कां. भाविका हिचा विवाह निश्चित झाल्याची वार्ता मंडळास विश्वसनीय सूत्रांकडून प्राप्त झाली असून, त्याबद्दल मंडळ आपले मनःपूर्वक अभिनंदन करीत आहे. यापुढे आपल्या कन्येची नोंद स्थळांमधून वगळण्यात येईल."

पहिल्या वाचनात त्यांनी सवयीने केवळ वाक्यरचना पाहिली. 'असून'नंतरचा स्वल्पविराम जागेवर होता. दुसऱ्या वाचनात अर्थ पोहोचला, आणि आपण उभे नसून बसलेले आहोत याचे त्यांना बरे वाटले.

लीलाधर हे तापीकाठ वधू-वर परिचय मंडळाचे तांत्रिक चिटणीस. तंत्रनिकेतनात संगणकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. परंतु त्यांची खरी निष्ठा जुन्या, घोटीव मराठी गद्यावर होती, आणि संगणकाला द्यावयाची आज्ञाही गद्याचाच एक प्रकार आहे, असे त्यांचे मत होते. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील समाजाच्या उपवर मुलामुलींच्या नोंदी मंडळाच्या संकेतस्थळावर असत. एखाद्याचे लग्न ठरले, की पदाधिकाऱ्याने त्या नोंदीची स्थिती 'ठरले' अशी करावयाची; दुसऱ्या सकाळी संगणक आपण होऊन त्या घरी अभिनंदनाचा संदेश पाठवी. मंगल वार्ता पारोशा माणसाला मिळू नये, म्हणून संदेशाची वेळही लीलाधरांनीच ठरवून दिली होती.

भाविकेची नोंद त्यांनी स्वतः केली होती. चिटणीसाने आपल्या घराचा अपवाद करू नये, हे त्यामागचे तत्त्व. भाविका धुळ्याच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ होती. आदल्या संध्याकाळी ती सुटीसाठी घरी आली होती, या क्षणी वरच्या खोलीत होती, आणि तिचे लग्न ठरलेले नव्हते.

"कोनाचा फोन व्हता?" स्वयंपाकघरातून कमलबाईंनी विचारले. त्या भरितासाठी वांगी भाजत होत्या आणि घरभर त्या करपल्या सालींचा वास भरला होता.

"फोन नव्हे. संदेश."

"कोनाचा?"

"माझाच."

"तुमीच तुमाले पाठवला?" कमलबाई दारात आल्या. "आता घरात कोनी ऐकून घेत नाही म्हनून असं सुरू केलं व्हय?"

त्यांना उत्तर मिळण्यापूर्वीच फोन वाजला. पलीकडे सोनगीरचे निंबा होते. त्यांच्या मुलीची नोंद लीलाधरांनीच गेल्या वर्षी तपासून घेतली होती.

"नाना, मन्ही पोरनं लगीन ठरनं म्हने! कोनासंगे ठरनं ते तरी सांगा. आम्ही घरमा बठ्ठा याडा व्हयी ग्यात."

"निंबाभाऊ, आपल्यालाही संदेश आला?"

"आपल्यालाही म्हंजे? पोर मन्ही, लगीन तिनं, मंग मेसेज कोले येई? आनि हाई विश्वसनीय सूत्र म्हंजे कोन शे? तो सूत्र माले दखाडा. मी त्याना पाय मोडसू!"

लीलाधरांनी 'चौकशी करून कळवितो' असे म्हणून फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. या वेळी चोपड्याच्या सुंदरबाई होत्या. त्यांच्या मुलाची नोंद मंडळात इतकी वर्षे होती, की तिच्यातले छायाचित्र दोनदा बदलावे लागले होते.

सुंदरबाई रडत होत्या. "नाना, देव पावला. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही, पण मंडळाचं खोटं असायचं नाही, असं हे म्हणाले. मुलगी कोणाची? नाव नसेना का, गाव तरी सांगा. शेजारी पेढे वाटायला निघाले आहेत."

लीलाधरांना आयुष्यात प्रथमच एक वाक्य सुचूनही उच्चारता आले नाही. वाक्य सोपे होते: संदेश चुकीचा आहे. परंतु त्या बाईच्या रडण्यात इतका आनंद होता, की ते वाक्य तिच्या पुढ्यात ठेवण्याची त्यांची छाती झाली नाही. "सुंदरबाई," ते एवढेच म्हणाले, "पेढे थोडे थांबवा."

मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि नोंदींचा तक्ता पाहिला.

स्थितीच्या रकान्यात पहिल्या नोंदीपुढे 'ठरले' होते. दुसरीपुढे 'ठरले'. ते पान खाली सरकवीत गेले: यावल, ठरले, पारोळा, ठरले, शिरपूर, साक्री, जामनेर, ठरले, ठरले, ठरले. मागील महिन्यात जिचा घटस्फोट होऊन जिने नव्याने नाव घातले होते, तिचेही ठरले होते. ज्या एका वराने 'तूर्त विचार नाही' असे स्वहस्ते लिहून ठेवले होते, त्याचेही ठरले होते. दोन हजारांवर घरे. इतका सरळ, एकसंध, वरपासून खालपर्यंत न ढळलेला स्तंभ त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

नोंदी बदलण्याचा अधिकार त्यांच्याखेरीज धुळे शाखेचे चिटणीस अभिमन यांना होता. लीलाधरांनी त्यांना फोन लावला.

"अभिमनभाऊ, काल आपण कोणाची नोंद बदललीत?"

"एकच, नाना. शिरपूरच्या पोराची. त्याचा साखरपुडा झाला ना परवा." अभिमन हे कापडाचे व्यापारी, माणूस अत्यंत काटेकोर, आणि आज्ञा कशी द्यावयाची, हे त्यांना लीलाधरांनीच दोन बैठकांत शिकविलेले होते. "का हो? त्याच्या घरी अभिनंदन पोहोचलं नाही का?"

"त्याच्या घरी पोहोचले. उरलेल्या दोन हजार घरीही पोहोचले."

"काय सांगता!"

"आपण 'व्हेअर'ची, म्हणजे उमेदवाराच्या क्रमांकाची ओळ गाळलीत."

"नाना!" अभिमन यांचा स्वर चढला, आणि पाठोपाठ शिकविलेली भाषा सुटून घरची भाषा आली. "मी एक अक्षर गाळेल नही! तुम्हना पानवरथून जसंच्या तसं उचलं, खिडकीमा टाकं, पोरना नंबर घाला. तुम्ही तठे लिखेल शे ना, सावधान, पुढली ओळ गाळू नका? ते बी मी दोन दाव वाचं. तेबी उचलं!"

"टीपसुद्धा उचललीत?"

"बठ्ठं उचलं! तुम्हीच सांगेल ना, आधलीमधली चिरफाड करू नका म्हनीसन?"

लीलाधरांनी फोन हातात तसाच धरून ते पान उघडले.

येथे त्या पानाविषयी थोडे सांगावयास हवे. नोंद बदलण्यासाठी एक कळ करून द्यावी, ती दाबली की काम व्हावे, असा प्रस्ताव मंडळाच्या सभेत आला होता. लीलाधरांनी तो हाणून पाडला. कळ दाबणाऱ्याला आपण काय केले हे कधीच कळत नाही. वाक्य लिहिणाऱ्याला कळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून त्यांनी पदाधिकाऱ्यांसाठी आज्ञांचे एक पान सिद्ध केले. प्रत्येक आज्ञा ओळींत मांडलेली, प्रत्येक ओळीतील शब्द वरच्या ओळीतील शब्दाखाली अचूक बसविलेला. नोंद बदलण्याची आज्ञा तीन ओळींची होती. पहिलीत, कोणत्या तक्त्यात बदल करावयाचा. दुसरीत, काय बदलावयाचे, म्हणजे स्थिती 'ठरले' अशी करावयाची. आणि तिसरीत, जी 'व्हेअर' या शब्दाने सुरू होई, कोणाच्या बाबतीत, म्हणजे त्या एका उमेदवाराचा क्रमांक. ही तिसरी ओळ नसेल, तर बदल सरसकट सर्वांना लागू आहे असे संगणक धरून चालतो. हा धोका ओळखून लीलाधरांनी दुसऱ्या ओळीच्या अखेरीस दोन आडव्या रेघा देऊन टीप लिहिली होती: 'सावधान! पुढील ओळ गाळल्यास सर्वच नोंदी बदलतील.' दोन रेघांच्या पुढचे, ओळ संपेपर्यंतचे सारे, संगणक वाचत नाही. ते माणसासाठी असते. टीप ओळीच्या मध्ये न घालता अखेरीसच घालण्यालाही कारण होते. रोमन अक्षरे समान रुंदीच्या टंकात एकाखाली एक शिस्तीत उभी राहतात. देवनागरीचा 'श्री' घरात मावत नाही आणि 'र'ला घर सैल होते. मराठी मजकूर मध्ये आला की पुढचा सारा स्तंभ सरकतो.

आता पडद्यावर त्या मांडणीतले काहीही उरले नव्हते. स्तंभ नव्हते, रकाने नव्हते. तिन्ही ओळींचा गोळा होऊन एक लांबलचक ओळ झाली होती, आणि पडदा संपे तेथे ती आपोआप वळून खाली येत होती. लीलाधरांनी खिडकी अरुंद केली. तिच्या चार ओळी झाल्या. रुंद केली, दोन झाल्या.

"अभिमनभाऊ, आपल्याला काल हे कसे दिसले?"

"मोबाइलवर ना? तीन-चार ओळी दिसल्या की व्यवस्थित."

"त्या ओळी नव्हत्या," लीलाधर म्हणाले. "तो केवळ पडद्याचा काठ होता." आणि त्यांनी फोन ठेवला.

संकेतस्थळाचे नवे रूप धुळ्याच्या चंदनने केले होते. तो पस्तिशीचा, हुशार, स्वतःचे छोटे कार्यालय चालविणारा. मंडळाचे काम तो फुकट करी, आणि म्हणून आपल्या मताला तिप्पट किंमत आहे असे समजे. त्याने फोन उचलताच लीलाधरांनी फोन स्पीकरवर टाकून मेजावर ठेवला आणि दोन्ही हात लॅपटॉपवर घेतले.

"चंदन, आज्ञांच्या पानावर मी 'प्री'ची खूण लावली होती. म्हणजे ब्राउझरने मजकूर जसाच्या तसा दाखवावा. ती खूण कोठे गेली?"

"ती काढली, नाना. मोबाइलवर तुमची ओळ पडद्याबाहेर पळत होती."

"पळत असेल तर मोबाइल आडवा धरावा."

"लोक मोबाइल फक्त क्रिकेटसाठी आडवा धरतात."

"त्या खुणेवाचून ब्राउझर दहा मोकळ्या जागांची एक करतो, आणि जेथे ओळ मोडली असेल तेथेही एकच मोकळी जागा ठेवतो, हे तुम्हाला ठाऊक होते?"

"ते पहिल्या दिवशी शिकवतात, नाना. पण बिघडलं काय? संगणकाला मोकळ्या जागेशी देणंघेणं नसतं. तीन ओळींत लिहा नाहीतर एका ओळीत, आज्ञा तीच. शब्दाखाली शब्द ही तुमच्या डोळ्यांची हौस आहे. मी मागेही म्हणालो होतो, तुम्ही रागावलात."

"चंदन, दोन रेघांची टीप कोठे संपते?"

"ओळीच्या शेवटी."

"आणि आता ओळ कोठे संपते?"

पलीकडे कोणीतरी खुर्ची मागे सरकविल्याचा आवाज झाला. "थांबा," चंदन म्हणाला. त्याने ते पान उघडून पाहिले. मग म्हणाला, "अरे बाप रे. टिपेनंच 'व्हेअर' खाल्लं."

"खाल्ले."

"म्हणजे 'पुढची ओळ गाळू नका' या सूचनेनंच..."

"होय."

"पण नाना, एक सांगतो, रागवू नका. टीप नसती तर एका ओळीतही आज्ञा बरोबर चालली असती. आज्ञेत निबंध लिहायला कोणी सांगितलं होतं?"

लीलाधर प्रत्युत्तरासाठी सरसावले, आणि थांबले. मुद्दा बिनतोड होता. सावधगिरीसाठी लिहिलेले वाक्यच घात करते, हे त्यांनी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नव्हते, आणि वाचले असते तर तो लेखकाचा चमत्कृतीचा सोस ठरवून त्यांनी समासात तसा शेरा मारला असता.

"नाना."

हाक फोनमधून आली नव्हती. जिन्याच्या मधल्या पायरीवर भाविका उभी होती. तिच्या हातात तिचा मोबाइल होता. नोंदीत दोन क्रमांक असत, पालकाचा आणि उमेदवाराचा. तिचा चेहरा असा होता, की लीलाधरांना वाटले, रुग्णालयातून काही वाईट बातमी आली असावी.

"मी सांगणारच होते," ती म्हणाली. "आज जेवणं झाल्यावर सांगणार होते. खरंच. त्यासाठीच आले होते."

लीलाधरांनी लॅपटॉप बाजूला सरकविला.

"मंडळाला कोणी सांगितलं? कार्यालयाच्या फलकावर कोणी वाचली का नोटीस? मला वाटलंच होतं, धुळ्यात कोणीतरी वाचणार. पण असं, मंडळाकडून, छापील..." तिने मोबाइल उंच धरला. "तुम्ही मला एकदा विचारायचं तरी होतं, नाना. अभिनंदन पाठवलंत!"

"कोणती नोटीस?" लीलाधरांनी विचारले.

मेजावरच्या फोनमधून चंदनचा आवाज आला, अगदी हलका: "नाना, मी ठेवतो." आणि फोन बंद झाला.

"नोंदणी विवाहाची," भाविका म्हणाली. आणि मग, वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता, तिच्या आवाजातला राग गळून त्या जागी काही वेगळेच आले. "तुम्हाला... नाना, तुम्हाला माहीत आहे ना?"

"भाविका, तो संदेश चुकीचा आहे. आज्ञा बिघडली. तो आज दोन हजार घरांना गेला आहे. सोनगीरच्या निंबाभाऊंना गेला, चोपड्याच्या सुंदरबाईंना गेला. त्याचा तुझ्याशी काहीही संबंध नाही."

ती जिन्यावरच बसली. तिने तोंडावर हात ठेवला, आणि क्षणभर ती हसते आहे की रडते आहे हे कळेना. बहुधा तिलाही कळत नसावे. "म्हणजे कोणालाच काही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आणि मी स्वतः येऊन सांगितलं!"

स्वयंपाकघराच्या दारात कमलबाई उभ्या होत्या. वांग्याच्या सालींनी हात काळे झालेले, ते त्यांनी अंगापासून दूर धरले होते. त्यांनी सारे ऐकले होते, आणि बाकीचे सारे बाजूला सारून त्यांनी एकच विचारले.

"कोन हाय तो?"

"बुद्धभूषण. बुद्धभूषण बैसाणे. पाणीपुरवठ्याकडे अभियंता आहे, धुळ्यात."

"आपल्यातला नाही."

"नाही, आई. बौद्ध आहेत ते."

कमलबाईंनी मान हलविली. होकारार्थी नव्हे, नकारार्थी नव्हे, आघात झेपला एवढेच सांगणारी. मग त्या आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

मेजावरचा फोन पुन्हा वाजला. चंदन होता, आणि तो केवळ कामाचे बोलला. नोंदींची शनिवारी दुपारी घेतलेली राखीव प्रत सुरक्षित होती; तीवरून सर्व नोंदी पूर्ववत करता येत होत्या, शिरपूरच्या मुलाची तेवढी पुन्हा बदलावी लागणार होती. सर्व घरी दुरुस्तीचा संदेशही पाठवावयास हवा होता. "मजकूर तुम्ही सांगता का, नाना? का मी लिहू?"

"तुम्हीच लिहा," लीलाधर म्हणाले.

पलीकडे चंदन अडखळला. मंडळाच्या इतिहासात असे घडले नव्हते. "साधंच लिहितो. सकाळचा मेसेज चुकून गेला, त्याकडे लक्ष देऊ नका, माफ करा. चालेल?"

"चालेल."

थोड्याच वेळात नोंदीतले दोन्ही मोबाइल एकामागून एक किणकिणले. पहिला मेजावर, दुसरा जिन्यावर. कमलबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मेजावरचा मोबाइल दोन बोटांनी उचलला. त्यांनी चष्मा लावून संदेश वाचला आणि मोठ्याने सांगितला. "चुकून गेला, म्हन्ते. लक्ष देऊ नका." त्यांनी मुलीकडे पाहिले. "झालं तर मंग. पुसलं गेलं. आता कोनी काही बोललं नाही, कोनी काही ऐकलं नाही. चला, जेवा."

"आई, नोटीस पुसली गेली नाही."

"मले नोटीस नको सांगू!"

लीलाधर उठले. वाद हा त्यांचा आयुष्यभराचा आधार होता, आणि या घडीलाही त्यांनी तोच धरला. "भाविका, त्या नोटिशीत काय काय लिहावे लागते?"

"दोघांची नावं. वय, व्यवसाय, पत्ता."

"पत्ता कोणता दिलास?"

"धुळ्याचा. आणि कायमचा इथला. पिंप्राळा."

"आणि ती भिंतीवर लावतात. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी म्हणून."

"हो."

"म्हणजे ज्याला माझे नावगाव ठाऊक नाही, जो शेजारच्या खिडकीवर मुद्रांक घ्यायला आला आहे, तो मनुष्य माझ्या घराचा पत्ता आणि माझ्या मुलीचा निर्णय उभ्याउभ्या वाचून गेला. मी वाचला नाही." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच भाविकेने मान खाली घातली. "तुझ्या निर्णयाविषयी मी अजून एक शब्दही बोललेलो नाही, हे ध्यानात घे. मी केवळ क्रमाविषयी बोलतो आहे."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"युक्तिवाद केला असता."

"तेच ना, नाना. मला त्याचीच भीती होती. तुम्ही ओरडत नाही, मारत नाही, जेवण सोडत नाही. तुम्ही मुद्दे मांडता. एकेक करून, रांगेत. आणि शेवटी समोरच्याला वाटतं, आपलंच चुकलं." तिने डोळे पुसले. "मंडळाच्या सभेत तुम्हीच भांडला होता ना, की अर्जात 'आंतरजातीय विवाह मान्य' हा रकाना असलाच पाहिजे म्हणून? घरी येऊन केवढ्या अभिमानाने सांगितलंत! आणि माझी नोंद तुम्ही भरलीत, तेव्हा तो रकाना रिकामा ठेवलात. मला विचारलंही नाही."

"रकाना असणे आणि तो भरणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत," लीलाधर म्हणाले.

"हो. मला तेव्हाच कळलं ते."

यावर बोलण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ होते. रकाना तत्त्वासाठी असतो, नोंद व्यक्तीची असते. सभेत बोलणारा चिटणीस असतो आणि घरी नोंद भरणारा बाप असतो. असे मुद्दे त्यांच्या मनात सवयीने उभे राहिले, एकाखाली एक, अगदी सरळ रांगेत. त्यांनी त्या रांगेकडे पाहिले. आणि मुलगी आत्ता जे म्हणाली त्याचा हा पुरावाच आहे, हे लक्षात येऊन ते हबकले. सकाळपासूनच्या साऱ्या धक्क्यांत हा सर्वांत लहान होता, बाहेरून तर दिसलाही नसता. परंतु त्यानंतर त्यांना मुद्दा मांडता येईना.

"त्यांच्या घरी ठाऊक आहे?" त्यांनी विचारले.

"आहे."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून," लीलाधर पुटपुटले. बाहेर शिवारात आता हुरड्याचे दिवस होते. "त्याच्या वडिलांचे नाव काय?"

"चिंधा काका. एसटीच्या कार्यशाळेत होते, आता घरीच असतात."

"त्यांचा क्रमांक दे."

"नाना, काय बोलणार तुम्ही त्यांच्याशी?"

"ते मला ठाऊक नाही," लीलाधर म्हणाले. आयुष्यात इतके अपुरे विधान त्यांनी क्वचितच केले असेल, आणि ते खोडावेसे त्यांना वाटले नाही.

भाविकेने क्रमांक सांगितला. स्वयंपाकघरात कमलबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. पाठ इकडे, कान इकडेच.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"नमस्कार. मी लीलाधर सरोदे बोलतो आहे. पिंप्राळा, जळगाव. भाविकेचा..."

"बोला नाना, बोला!" पलीकडचा आवाज दमदार होता. "मी चिंधा. पोरगी सांगी गयी व्हती, जेवन व्हयनं की बोलसू म्हनीसन. मी म्हनं फोन उना ते दुपारलेच येई. तुम्ही ते सकायमाच करा!"

लीलाधरांनी एक वाक्य जुळवायला घेतले: आपल्या चिरंजिवांविषयीची वार्ता मला. तेथेच ते थांबले. ही भाषा आज सकाळी दोन हजार घरी जाऊन आली होती.

"मला आत्ताच कळलं," ते म्हणाले. "अर्धा तासही झाला नाही."

मग चिंधांचा आवाज आला, आता खालच्या पट्टीतला. "धक्का बसना व्हई."

"हो."

"आमले बी बसना व्हता, नाना. तुमले काय वाटस, आमना घरमा काय ढोल वाजनात? दोन दिन मी कोनासंगे बोलनू नही. पोऱ्याकडे दखं नही. घरवालीनी ते कांदा बी नही चिरा."

"मग?"

"मंग काय. तिसरा दिन भूक लागनी."

लीलाधरांनी फोन पुन्हा स्पीकरवर टाकला आणि तो मेजाच्या कडेला, स्वयंपाकघराच्या बाजूला सरकविला. भाविका जिन्यावरून उठली नव्हती. पलीकडे चिंधा सांगत होते, की पोरगी शहाणी आहे, त्यांच्या घरवालीच्या साखरेच्या आजाराचे पथ्य तिनेच लावून दिले. की घाई नाही. की तुम्ही या, किंवा आम्ही येतो, किंवा तूर्त कोणीच कोठे जायला नको. मग ते थांबले आणि त्यांनी विचारले, "अक्का काय म्हनतीस?"

कमलबाई वळल्या नाहीत. ओट्यावरच्या गार झालेल्या वांग्याची साल त्यांनी एका हाताने सोलायला घेतली, आणि भिंतीकडे पाहतच, परंतु फोनपर्यंत पोहोचेल इतक्या आवाजात त्या म्हणाल्या:

"सांगा त्याइले. मले तीन दिवस लागतीन."